दूरच्या मशीनचे घड्याळ हलवताना : नव्या टेस्टरसाठी काही अनुभव

मी सोलापुरातच अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुण्यातील एका छोट्या कंपनीत टेस्टर म्हणून रुजू झाले. सुरुवातीचा काळ पुण्यात काढल्यावर घरून काम करण्याची परवानगी मिळाली आणि आता जुळे सोलापुरातील घरातूनच माझे काम चालते. आमचे सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी आहे. पिग्मी, आवर्त ठेव, मुदत ठेव, कर्जाचे हप्ते आणि 31 मार्चची वर्षअखेर एवढे सगळे त्यात येते. आम्ही ज्या सर्व्हरवर चाचण्या चालवतो ते मुंबईतील डेटा सेंटरमध्ये आहेत आणि त्यांतले एकही मशीन मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते, कारण हाताशी असलेल्या मशीनचे घड्याळ बदलणे आणि अडीचशे मैलांवरच्या मशीनचे घड्याळ बदलणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत.

घड्याळ बदलावे का लागते, हे पतसंस्थेच्या उदाहरणाने लगेच कळते. तेरा महिन्यांची मुदत ठेव आज उघडली, तर तिचे मुदतपूर्तीचे व्याज बरोबर येते की नाही हे पाहायला तेरा महिने थांबता येत नाही. म्हणून ठेव उघडायची, मशीनची तारीख पुढे न्यायची, रात्रीची नोंद-प्रक्रिया चालवायची आणि खात्यावर पडलेली रक्कम हाताने काढलेल्या हिशेबाशी ताडून पाहायची, अशी ही चाचणी असते. लीप वर्षातील 29 फेब्रुवारी, आर्थिक वर्ष बदलण्याची मध्यरात्र आणि सुट्टीच्या दिवशी येणारा हप्ता या तीन ठिकाणी आम्हाला सर्वाधिक चुका सापडल्या आहेत.

आता माझ्या हातून घडलेला प्रसंग सांगते. नोकरीला वर्ष झाले होते, घरून काम नुकतेच सुरू झाले होते आणि मे महिन्यातील एका दुपारी मी चाचणीच्या लिनक्स सर्व्हरचे घड्याळ 400 दिवस पुढे नेले. चाचणी निम्म्यावर आलेली असताना वळवाचा पाऊस आला, वीज गेली आणि राउटर बंद पडल्याने माझा संपर्क तुटला. तासाभराने वीज आली, तेव्हा मी पुन्हा लॉग इन करू लागले. माझी किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी माझ्या लॅपटॉपवरची गुप्त फाइल) मशीनने मान्य केली, पण लगेच सांगितले की पासवर्डची मुदत संपली आहे आणि आत येण्यापूर्वी तो बदलावा लागेल. बदलण्यासाठी जुना पासवर्ड हवा होता, आणि आम्ही सगळे किल्लीनेच आत जात असल्यामुळे त्या खात्याचा पासवर्ड मला कोणी कधी सांगितलाच नव्हता.

असे का झाले, हे मला त्या रात्री नीट समजून घ्यावे लागले. लिनक्स प्रत्येक खात्याचा पासवर्ड शेवटचा कधी बदलला तो दिवस 1 जानेवारी 1970 पासूनच्या दिवसांच्या आकड्यात लिहून ठेवते. आमच्याकडे पासवर्डची मुदत 90 दिवस ठेवलेली होती. मी घड्याळ 400 दिवस पुढे नेल्याबरोबर त्या मशीनवरील मुदत असलेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड एका क्षणात कालबाह्य झाला, आणि प्रवेश किल्लीने होत असला तरी खात्याची ही तपासणी होतेच. संध्याकाळी चाचण्या आपोआप सुरू करणारा बिल्ड सर्व्हरही याच कारणाने दारातून परत गेला, कारण पासवर्ड विचारायला त्याच्यासमोर माणूस नव्हता. शेवटी आमच्या वरिष्ठांनी आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या तेव्हाच्या स्थितीची जशीच्या तशी जतन केलेली प्रत, परत लावला. त्यामुळे दुसऱ्या एका सहकाऱ्याने त्या दिवशी सकाळपासून भरलेली खात्यांची सगळी माहिती गेली आणि त्याला ती पुन्हा भरावी लागली. मला त्याची क्षमा मागावी लागली, आणि ती मागताना फार वाईट वाटले.

त्या दिवसापासून मी एक पद्धत पाळते : घड्याळ पुढे नेण्याआधी ते परत आणण्याची सोय करायची, आणि ती सोय माझ्या घरच्या लॅपटॉपवर न ठेवता त्या दूरच्या मशीनवरच ठेवायची. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवत असत. कांडीवरचा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबतो, कारण एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि त्याची नजर त्या क्षणी कुठे असेल याचा भरवसा धरता येत नाही. परतीची स्क्रिप्ट, म्हणजे घड्याळ परत आणणारा छोटा कार्यक्रम, लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेच असते. माझा संपर्क तुटला, मी उठून गेले, चाचणी अडकली, तरी घड्याळ ठरलेल्या वेळी परत आलेच पाहिजे.

ही स्क्रिप्ट कशी चालते, हे जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण नवीन माणूस येथे हमखास अडखळतो. लिनक्समध्ये एकाच वेळी दोन घड्याळे चालतात असे समजावे. एक भिंतीवरचे घड्याळ, म्हणजे तारीख आणि वेळ सांगणारे. दुसरे, मशीन सुरू झाल्यापासून किती सेकंद गेले एवढेच मोजणारे, आणि त्याला मोनोटॉनिक घड्याळ म्हणतात. तुम्ही तारीख बदलता तेव्हा पहिले उडी मारते, दुसरे आपल्या गतीने पुढे जात राहते. ‘सकाळी अकरा वाजता घड्याळ परत आण’ असे काम क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या साधनात, लावले आणि तारीख वर्षभर पुढे नेली, तर त्या अकराला काही अर्थ उरत नाही. त्याऐवजी ‘आतापासून वीस मिनिटे थांब आणि मग परत आण’ असे सांगावे. लिनक्समधील स्लीप हा आदेश थांबण्याचा काळ मोनोटॉनिक घड्याळावर मोजतो, त्यामुळे मध्ये तारीख कितीही हलली तरी वीस मिनिटे म्हणजे वीसच मिनिटे होतात. स्क्रिप्ट रूट (सर्व अधिकार असलेले खाते) म्हणून आणि आपल्या लॉग इनपासून सोडवून, म्हणजे नोहप या आदेशाने किंवा सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या तात्पुरत्या टायमरने, सुरू करावी. नाहीतर संपर्क तुटताच तीही बंद पडण्याची शक्यता राहते.

परत आणताना काय करायचे, यातही एक बारकावा आहे. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा चालू असताना टाइमडेटसीटीएल हा तारीख लावण्याचा आदेश तुम्हाला तारीख बदलूच देत नाही, म्हणून आधी ती सेवा बंद करावी लागते आणि शेवटी पुन्हा सुरू करावी लागते. आमच्या सर्व्हरवर क्रोनी ही वेळजुळणीची सेवा आहे. क्रोनीला घड्याळ हळूहळू सरकवून दुरुस्त करणे आवडते आणि नेहमीच्या कामात ते योग्यच आहे, पण मूळ मांडणीनुसार ती बारा सेकंदांमागे जास्तीत जास्त एक सेकंद भरून काढते. एका दिवसाचा फरक त्या चालीने भरायला बारा दिवस लागतील. म्हणून सेवा सुरू केल्यावर तिला एका उडीत वेळ लावण्याचा स्पष्ट आदेश, मेकस्टेप, द्यावा. एनटीपीडी या जुन्या वेळजुळणी सेवेची तऱ्हा वेगळी आहे. फरक 1000 सेकंदांहून जास्त दिसला तर, तशी सूट दिलेली नसल्यास, ती दुरुस्ती न करता बंद पडते. तुमच्या मशीनवर यांपैकी कोणती सेवा आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवावे.

आतापर्यंत सांगितलेली चूक निदान लगेच दिसली. न दिसणारी चूक अधिक घातक असते. आमच्याकडे विंडोजचे काही आभासी मशीन, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, आहेत. त्यांतल्या एकावर मी वर्षअखेरीची चाचणी चालवली, ती उत्तीर्ण झाली आणि मी तसे कळवले. चार दिवसांनी लॉग वाचताना लक्षात आले की व्याजाच्या नोंदींवर 31 मार्चची तारीखच नव्हती, त्या दिवशीचीच तारीख होती. मी विंडोजची वेळजुळणी बंद केली होती, पण ज्या मूळ संगणकावर ते आभासी मशीन चालत होते त्याची स्वतःची वेळजुळणी वेगळी असते, ती चालू राहिली होती आणि तिने काही क्षणांत घड्याळ जागेवर आणून ठेवले होते. आभासी मशीन चालवणाऱ्या हायपर-व्ही, व्हीएमवेअर आणि व्हर्च्युअलबॉक्स या तिन्हींमध्ये अशी सोय आहे आणि ती आभासी मशीनच्या बाहेरून किंवा साहाय्यक साधनांतून बंद करावी लागते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चाचणीची पहिली आणि शेवटची पायरी एकच असते : मशीनला तारीख विचारणे, ती लॉगमध्ये लिहिणे आणि अपेक्षित तारीख नसेल तर बाकीचे निकाल न पाहता चाचणी अनुत्तीर्ण ठरवणे.

घड्याळ हलवल्यावर बाहेरच्या जगाशी असलेले संबंधही तुटतात. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा असतात. 2020 पासून सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत 398 दिवस होती आणि ती आता टप्प्याटप्प्याने आणखी कमी केली जात आहे, त्यामुळे 400 दिवस पुढे गेलेल्या मशीनला आजचे एकही सार्वजनिक प्रमाणपत्र वैध वाटत नाही. डोमेनमधील, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरशी जोडलेल्या, विंडोजचे लॉग इन केर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीवर चालते आणि तेथे पाच मिनिटांहून अधिक फरक सहसा चालत नाही. ॲमेझॉनच्या साठवणीकडे पाठवलेली मागणी पंधरा मिनिटांहून अधिक मागेपुढे असेल तर नाकारली जाते. मोबाइलवरच्या ॲपमधून येणारा सहा आकडी कोड तर दर 30 सेकंदांनी बदलतो. नवीन माणूस अशा वेळी नेटवर्क बिघडले असे समजून तासन्‌तास घालवतो, म्हणून घड्याळ हलवलेल्या मशीनवर कोणतीही जोडणी नाकारली गेली की आधी तारखेकडे पाहावे.

डेटाबेस वेगळ्या मशीनवर असेल तर त्याचे घड्याळ वेगळे असते, हेही विसरू नये. ॲप्लिकेशन 1 एप्रिलमध्ये आणि डेटाबेस जानेवारीत, अशा अवस्थेत निघालेले निकाल काहीही सिद्ध करत नाहीत.

भारतीय वेळेबाबत मात्र थोडे थांबून बोलायला हवे. आमचे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे सोलापुरातील पतसंस्थेत 1 एप्रिल उजाडतो, तेव्हा सर्व्हरच्या घड्याळात 31 मार्चचे 18 वाजून 30 मिनिटे झालेली असतात. आर्थिक वर्षाच्या सीमेची चाचणी सर्व्हरच्या मध्यरात्री केली, तर आपण खऱ्या सीमेच्या साडेपाच तास पलीकडे उभे असतो. मी घड्याळ 18:28 ला लावते, एक व्यवहार त्याच वेळी करते, दुसरा 18:31 ला करते आणि दोन्ही नोंदी कोणत्या वर्षात पडल्या ते पाहते. आमच्या संघाला सापडलेली सर्वांत गंभीर चूक याच तीन मिनिटांत सापडली. कार्यक्रमाचा एक भाग तारीख यूटीसीनुसार आणि दुसरा भारतीय वेळेनुसार काढत होता, त्यामुळे पहाटेपर्यंत केलेली प्रत्येक नोंद ताळेबंदात एका वर्षात आणि खातेउताऱ्यात दुसऱ्या वर्षात दिसत होती.

एवढे सांगितल्यावर हेही सांगायला हवे की मशीनचे घड्याळ हलवणे हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे. कार्यक्रम लिहितानाच ‘आजची तारीख’ एका ठिकाणाहून घेतली, तर चाचणीत तेथे हवी ती तारीख देता येते. जावामध्ये 2014 साली आलेल्या आठव्या आवृत्तीपासून त्यासाठी क्लॉक नावाचा वर्गच आहे. लिनक्सवर लिबफेकटाइम हे साधन एकाच कार्यक्रमाला खोटी तारीख दाखवते आणि बाकीचे मशीन तसेच राहू देते. मात्र हे साधन ज्या सी लायब्ररीच्या वाटेवर उभे राहते तिच्याकडे गो भाषेतील कार्यक्रम वेळ विचारायला जात नाहीत, त्यामुळे तेथे त्याचा उपयोग होत नाही. कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर कार्यक्रम वेगळे बांधून चालवण्याच्या पेटीत, घड्याळ वेगळे ठेवता येईल, हा समज मी मुलाखतीला येणाऱ्या मुलांकडून वारंवार ऐकते. पण सगळे कंटेनर त्या मशीनच्या एकाच कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, तारीख वाचतात. 2020 मध्ये लिनक्स 5.6 ने वेळेसाठी वेगळी नेमस्पेस, म्हणजे स्वतंत्र कप्पा, दिली, पण तिच्यात भिंतीवरचे घड्याळ येत नाही. कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख तपासायला तर घड्याळाला हातही लावावा लागत नाही. 32 बिटांत वेळ मोजणाऱ्या जुन्या प्रणालींची मर्यादा 19 जानेवारी 2038 रोजी आपल्या वेळेनुसार सकाळी 8 वाजून 44 मिनिटे 7 सेकंदांनी संपते, आणि वीस वर्षांचे गृहकर्ज आज नोंदवले की त्याचे वेळापत्रक त्या तारखेच्या पुढे जातेच.

सराव करायला मोठी सामग्री लागत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखतीला जाण्यापूर्वी घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्सची दोन मशीन उभी करा, स्नॅपशॉट घ्या, दुसऱ्यावरील खात्याच्या पासवर्डला मुदत लावा, एकातून दुसऱ्यात लॉग इन करा आणि दुसऱ्याचे घड्याळ मुद्दाम त्या मुदतीपलीकडे न्या. तेथे सुडो, म्हणजे रूटचे अधिकार तात्पुरते देणारा आदेश, वापरून पाहा. आत असूनही पासवर्ड बदलेपर्यंत सुडो तुम्हाला अडवेल, कारण तोही खात्याची तीच तपासणी करतो. मला हे उशिरा कळले.

म्हणून आता मी घड्याळ हलवण्याआधी त्या मशीनवर रूटचे एक लॉग इन दुसऱ्या खिडकीत उघडे ठेवते, परतीची स्क्रिप्ट तीन मिनिटांची मुदत देऊन आणि घड्याळ अवघा एक तास पुढे नेऊन एकदा चालवते, आणि घड्याळ आपले आपण परत आलेले दिसले की मगच खरी तारीख टाकते.