ग्रीनहाउसभोवतीचा बर्फ: आधी बाजू मोकळ्या करा, मग छप्पर

बफेलो, रॉचेस्टर, टोरांटो या अमेरिका-कॅनडा सीमेजवळच्या पट्ट्यात आपल्या बऱ्याच लोकांनी बॅकयार्डमध्ये छोटं ग्रीनहाउस टाकलंय, आत कुंडीतला कढीपत्ता, थोडी मेथी-कोथिंबीर, पालक. आणि मोठा स्नो पडला की सगळे आधी छपराकडे धावतात. माझं ठाम मत आहे की आधी बाजूंचा बर्फ काढायचा. छपरावरचा बर्फ घसरून वळचणीखालीच पडणार ना, मग तिथे अगोदरच दोन फूट ढीग असेल तर त्याला पडायला जागाच राहत नाही, वरचा थर आणि खालचा ढीग एकमेकांना टेकतात, वरचं हलत नाही आणि खालचं बाजूच्या पॅनलला आत ढकलत राहतं. त्या पातळ पॅनल आडवा दाब सोसायला बनवलेल्याच नसतात, कित्येक ग्रीनहाउस वरून खचण्याआधी बाजूने आत येतात.

वजनाचा अंदाज असू द्या. ६ बाय ८ फुटांचं साधं ग्रीनहाउस धरा, त्यावर एक फूट कोरडा भुसभुशीत बर्फ साठला तर साधारण १०० किलोच्या आसपास, पण तोच एक फूट ओला चिकट बर्फ असेल तर ३०० ते ४०० किलो. म्हणून किती इंच पडला यापेक्षा कसला पडला ते बघा. हातात घेऊन घट्ट गोळा वळला तर समजायचं की लगेच बाहेर पडायचंय, आणि आधी पडलेल्या कोरड्या बर्फावर पाऊस येणार असेल तर पावसाच्या आधीच काढून टाका, तो बर्फ स्पंजसारखं पाणी पितो.

आमच्याकडे बफेलोला लागून असलेल्या ईरी लेकचा प्रकार वेगळाच असतो. लेक अजून गोठलेला नसतो, वरून गार वारा लांबीच्या दिशेने येतो, वाफ उचलतो आणि काठावर अरुंद पट्ट्यात सगळं ओततो, तासाला दोन-तीन इंच सुद्धा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलोच्या दक्षिणेकडे पाच फुटांच्या वर पडला आणि उत्तरेकडच्या भागात त्या मानाने किरकोळ, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्क, हॅम्बर्गला साडेसहा फुटांच्या वर गेला. असा बर्फ थांबल्यावर काढू म्हणून चालत नाही, जमेल तसं दर पाच-सहा इंचांना एक फेरी मारायची. रात्री उशिरा वारा असताना मात्र नको, झोपण्यापूर्वी एक आणि उजाडल्यावर एक.

हंगामाच्या आधी चार कोपऱ्यांना उंच बांबू ठोकून वर लाल रिबन बांधा, नाहीतर तीन फूट बर्फात बेस कुठे आणि दगडी कडा कुठे ते कळत नाही आणि फावडं सरळ पॅनलमध्ये जातं. बर्फ कुठे टाकायचा ते पण आधीच ठरवा, उताराच्या खालच्या बाजूला, म्हणजे वितळलेलं पाणी परत ग्रीनहाउसकडे येणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्यांदा दारापर्यंत वाट आणि दाराचा स्लायडिंग ट्रॅक मोकळा करायचा, तिथे बर्फ दाबला गेला की रात्रीत गोठतो आणि मग दार ओढून ओढून तुटतं. मग चारी बाजूंनी निदान दोन-अडीच फुटांची गल्ली काढायची. पॅनलपासून हातभर अंतरापर्यंत मोठं प्लास्टिकचं फावडं चालेल, त्याच्या आतला बर्फ मऊ झाडूने किंवा हाताने बाहेर ओढायचा, पॅनलच्या दिशेने कधीच ढकलायचा नाही. लोखंडी फावडं पॉलिकार्बोनेटजवळ (पॅनलचं पारदर्शक कडक प्लास्टिक) नकोच, ओरखडे जात नाहीत. खाली विटांची किंवा काँक्रीटची बुटकी भिंत असेल तर तिच्या उंचीपर्यंतचा बर्फ राहू द्या, उणे पंधराच्या रात्री तो ऊब धरतो, पण पॅनलला टेकलेला सगळा काढा. वाऱ्याच्या आडोशाची बाजू, विशेषतः ग्रीनहाउस आणि फेन्सच्या मधली चिंचोळी जागा, सगळ्यात जास्त भरते, ती विसरू नका.

बाजू झाल्या की मग छप्पर. फोम लावलेला लांब दांड्याचा रूफ रेक घ्या, जमिनीवर उभं राहून, जरा बाजूला सरकून, वरून खाली हलक्या हाताने ओढा. एक पूर्ण उतार साफ करून मग दुसरा, असं करू नका, थोडं इकडचं थोडं तिकडचं, कारण एका बाजूला सगळं वजन राहिलं की आढं पिळवटतं. तळाला पातळ बर्फाचा पापुद्रा चिकटून राहिला तर राहू द्या, खरवडू नका, गरम पाणी ओतू नका, त्याचं परत बर्फच होतं. हूप हाउस, म्हणजे कमानींवर प्लास्टिक शीट ताणलेलं ग्रीनहाउस असेल तर आतून झाडूच्या डोक्याला जाड टॉवेल गुंडाळून हळूच वर ठोका, पण फक्त थर पातळ असताना. फ्रेम वाकलेली दिसतेय, करकर आवाज येतोय, तर आत पाऊल टाकायचं नाही, झाडं गेली तरी चालतील. बर्फ येणार हे कळलं की आदल्या दिवशीच आढ्याखाली लाकडी टेकू लावून ठेवणं केव्हाही चांगलं.

आत हीटर असेल तर तापमान थोडं वाढवा, छपराला टेकलेला थर सुटतो. पण गॅस किंवा केरोसीनचा हीटर असेल तर हवेची जाळी आणि धुराचा पाइप बर्फाखाली गेलाय का ते आधी बघा, बंद झाला तर आत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. घर गरम करणाऱ्या फर्नेसचा बाहेरचा व्हेंट पण त्याच फेरीत मोकळा करा.

मीठ वाटेवर टाकायचा मोह होतो, ग्रीनहाउसजवळ टाकू नका, वसंतात ते पाण्याबरोबर मातीत जातं आणि मुळं जळतात, फ्रेमही गंजते. घसरू नये म्हणून वाळू पुरते. स्नो ब्लोअर वापरत असाल तर त्याचा फवारा ग्रीनहाउसच्या विरुद्ध दिशेला, त्यातून खडा उडाला तर पॅनल जाते. आणि मशीनच्या तोंडात बर्फ अडकला तर मशीन पूर्ण बंद करून काठीने काढा, हात घालू नका.

वयाने मोठी मंडळी, आई-बाबा इकडे आले असतील तर त्यांना फावडं देऊ नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि वर जड उचलणं, हृदयावर एकदम ताण येतो. स्वतःही अर्धंच फावडं भरा, उचलण्यापेक्षा ढकला, छातीत जड वाटलं की तिथेच थांबा आणि ९११ लावा.

झाडांना एक-दोन दिवस अंधार चालतो, डिसेंबरात तशीही वाढ थांबलेलीच असते, त्यांना मारते ती थंडी. त्यामुळे उजेडासाठी घाई करून वादळात बाहेर पडायची गरज नाही. वादळ गेल्यावर ऊन पडलं की आतून सगळे जोड, स्क्रू, पॅनलच्या क्लिपा तपासा, निसटलेल्या परत बसवा, आणि बाजूच्या गल्लीतून वितळलेलं पाणी वाहून जायला फावड्याने एक चर काढून ठेवा, रात्री परत गोठायच्या आत.