रोमन वसाहतीची शीव कशी शोधावी?

रोमन वसाहत म्हणजे नुसतं शहर नव्हे, भोवतालचं सगळं शिवारही तिचंच. त्या शिवाराचा नकाशा सहसा उरलेला नसतो, पुराव्यांवरून तो जुळवावा लागतो. उदाहरणाला स्पेनमधलं मेरिडा घेऊ. ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलेली ही ‘एमेरिता’.

१. आधी हद्दीचे दगड गाठा. याहून भक्कम पुरावा नाही. मेरिडापासून शंभरेक किलोमीटरवर, वाल्देकाबायेरोस गावी, सम्राट डोमिशियनच्या काळचा असा दगड सापडला. त्यावर एमेरिताकरांच्या जोडीला नाव आहे उकुबी वसाहतीचं. आणि उकुबी तर तिथून दीडशे किलोमीटरहून दूर, कॉर्डोबाजवळ! म्हणजे वसाहतीचं शिवार सलग असेलच असं नाही, दूरवर तुटलेला तुकडाही असू शकतो. शहराभोवती कंपासने वर्तुळ काढणाऱ्यांनी हा दगड कायम डोळ्यांपुढे ठेवावा. मात्र दगड मूळ जागीच आहे ना, हे तपासा. जुने दगड चर्चच्या भिंतीत सर्रास बसवलेले असतात.

२. रोमन मोजणीदारांचे ग्रंथ वाचा. त्यांत एमेरिताचा उल्लेख आहे. मोजणीदार जमीन चौकोनांत आखत. नेहमीचा चौकोन २०० युगेरांचा (युगेर हे रोमन जमीनमाप), म्हणजे साधारण ५० हेक्टरचा. इथे तो ४०० चा होता. सैनिकांना आधी जमिनी दिल्या त्या बहुतेक हद्दीच्या कडेला, मधली बरीच मोकळी राहिली. त्यामुळे मध्ये आखणीच्या खुणा विरळ दिसल्या म्हणून शीव तिथेच संपली असं धरू नका.

३. थडग्यांवरचे लेख नकाशावर मांडा. रोमन नागरिकाच्या नावात त्याच्या मतदार-गटाचं नाव येई. एमेरिताकरांचा गट पापिरिया, दगडावर नुसतं ‘पाप’. असा एकटा लेख परगावी जाऊन वारलेल्याचाही असेल. एकाच भागात अनेक मिळाले तर वजन येतं.

४. हवाई फोटोंत सरळ रस्ते आणि बांध शोधा. नेहमीच्या चौकोनाची बाजू सुमारे ७१० मीटर, एमेरितात एक बाजू त्याच्या दुप्पट. इथे फसायला होतं: मेरिडाजवळच्या ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात १९५२ च्या सरकारी योजनेने कालवे काढले, नवे प्लॉट पाडले, तेही रेघेसारखे सरळ. म्हणून त्याआधीचे फोटो मिळवाच.

५. शेवटी रेषा ओढा. दगड आहे तिथे ठळक, लेखांच्या आधारावर तुटक, आणि दोन्ही नसतील तिथे जागा कोरी सोडा.