जुनी युरोपियन हिंदुस्तानी व्याकरणं आणि कोश वाचायचे कसे, सुरुवात कुठून करायची

दखनी (दक्षिणेत बोलली जाणारी हिंदी-उर्दू), जुनी हिंदी-उर्दू, भाषेचा इतिहास यातलं काहीही आवडत असेल तर युरोपियनांनी लिहिलेली हिंदुस्तानीची, म्हणजे आज आपण हिंदी-उर्दू म्हणतो त्या भाषेची, ही जुनी पुस्तकं उघडाच. 1700 च्या आसपास सुरतेच्या बंदरात किंवा मद्रासच्या बाजारात माणसं रोजचं कसं बोलत होती ते दरबारी शायरीतून फारसं कळत नाही, आणि ही पुस्तकं लिहिणाऱ्या परदेशी लोकांना नेमकं तेच शिकायचं होतं, कारण त्यांना माल घ्यायचा होता, शिपायांना हुकूम द्यायचे होते, धर्म सांगायचा होता.

सगळ्यात आधी ग्रिअर्सन या भाषाशास्त्रज्ञाच्या लिंग्विस्टिक सर्व्हेचा, म्हणजे भारतातल्या भाषांच्या पाहणीचा, नववा खंड, भाग पहिला, 1916 चा, डाऊनलोड करा, त्यात या जुन्या पुस्तकांची यादी आणि प्रत्येकावर थोडी टिप्पणी आहे. फक्त तारखा तपासून घ्या. डच कंपनीतल्या केटलारचं व्याकरण ग्रिअर्सन 1715 च्या सुमाराचं मानतो आणि तोच आकडा पुढे कितीतरी ठिकाणी उतरवला गेलाय, पण त्याची लखनौला नक्कल केलेली हस्तलिखित प्रतच 1698 ची आहे. छापून आलं ते थेट 1743 मध्ये, लायडनला, डेव्हिड मिलच्या लॅटिन भाषांतरात. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की लिहिलं कधी, छापलं कधी आणि आपण वाचतोय ती प्रत कोणती, या तीन गोष्टी आधी वहीत लिहून ठेवा, नंतर फार गोंधळ वाचतो. काही कामं तर त्या काळात छापलीच गेली नाहीत, उदाहरणार्थ सुरतेतल्या फ्रान्स्वा-मारी द तूर या कॅपुचिन (एक कॅथलिक पंथ) पाद्र्याचा 1703 च्या सुमाराचा मोठा कोश.

आता सर्च. आर्काइव्ह डॉट ऑर्ग आणि गूगल बुक्सवर बरंच मिळतं, पण हिंदी किंवा उर्दू टाकून शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. त्या वेळी इंग्रज या भाषेला सर्रास ‘मूर्स’ म्हणायचे, शिवाय इंदोस्तान, हिंदोस्तान, हिंदोस्तानिका अशी सगळी स्पेलिंगं टाकून बघावी लागतात. आणि 18व्या शतकाच्या छपाईत शब्दाच्या मधला एस बराचसा एफसारखा दिसतो, ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, तो एफच समजतं, म्हणून शब्द सापडत नसेल तर एसच्या जागी एफ टाकून पुन्हा शोधा.

पुस्तक उघडल्यावर पहिला अडथळा स्पेलिंगचा. लेखकाची स्वतःची भाषा कोणती ते बघा, निम्मं कोडं तिथेच सुटतं. डच माणूस ओ आणि ई जोडून लिहितो तेव्हा तो उ किंवा ऊ असतो, टी-एस-जे म्हणजे च, डी-जे म्हणजे ज, एस-जे म्हणजे श. इंग्रजी-हिंदुस्तानी कोश करणाऱ्या गिलख्रिस्टचं (त्याच्याबद्दल पुढे) वेगळंच, तो आपल्या अ साठी यू लिहितो, म्हणजे बहारमधला पहिला अ त्याच्याकडे यू होतो, आणि दोन ओ आले की ऊ. पहिली पाच-दहा पानं मोठ्याने वाचा आणि शेजारी देवनागरीत लिहीत जा, डोळ्यांनी नुसतं वाचून हे जमत नाही.

मग खरी मजा. ग्रिअर्सनने या पुस्तकांची परीक्षा घ्यायला दोन खुणा धरल्या होत्या, एक म्हणजे मैं-हम, तू-तुम हा एकवचन-अनेकवचनाचा फरक लेखकाला कळलाय का, आणि दुसरी म्हणजे भूतकाळात ‘ने’ येतो का. केटलारला पहिली जमते, दुसरी नाही. ‘मी केलं’ म्हणणाऱ्या आपल्याला ‘मैंने किया’ऐवजी ‘मैं किया’ वाचताना काही खटकतच नाही, म्हणून इथे मुद्दाम थांबून बघा. बेंजामिन शुल्झ या मिशनऱ्याच्या व्याकरणातही ‘ने’ नाही, ते लॅटिनमध्ये आहे, लिहिलं मद्रासला, 1745 मध्ये जर्मनीतल्या हाले इथे छापलं. ही सरळ चूक म्हणून सोडून देऊ नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे, कारण दक्षिणेतल्या दखनीत आजही लोक मैं खाना खाया असंच बोलतात आणि शुल्झच्या कानावर तीच भाषा पडत होती. तसंच केटलार ‘आप’चा अर्थ ‘आपण सगळे’ असा देतो, दिल्लीच्या कानाला ते विचित्र वाटेल, पण गुजरातीत आणि मराठीत ते रोजचं आहे आणि केटलारने सुरतेत नोकरी केलेली. चुकीसारखं काही दिसलं की लेखक कुठल्या गावात राहिला आणि कुणाकडून शिकला ते आधी शोधा, मगच चूक म्हणा. अर्थात सगळंच असं सुटत नाही, शुल्झला ट-ठ-ड हे ध्वनी वेगळे ऐकूच आले नाहीत, तिथे कानच कमी पडला.

हॅडलीचं 1772 चं व्याकरण बंगालच्या फौजेतल्या माणसाचं आहे, त्यात हुकमाची भाषा जास्त मिळेल, व्याकरण म्हणून त्यावर फार विसंबू नका. 1773 चा फर्ग्युसनचा कोश त्याच्या सोबतीला ठेवा.

गिलख्रिस्ट मात्र निवांत वाचण्यासारखा. हा 1782 मध्ये मुंबईत उतरला, डॉक्टर म्हणून, मग सुरतेहून फतेहगढपर्यंत पलटणीबरोबर गेला आणि पुढे फैजाबादला राहून इथल्याच जाणकारांच्या मदतीने कोश रचला, तो 1787 ते 1790 मध्ये कलकत्त्यात भागाभागाने निघाला. लक्षात ठेवा, हा कोश इंग्रजीतून हिंदुस्तानीत आहे, त्यामुळे एखादा हिंदुस्तानी शब्द शोधायचा तर आधी त्याचा त्या काळचा इंग्रजी अर्थ डोक्यात आणावा लागतो, एक नाही मिळाला तर दुसरा.

उलट दिशेने, म्हणजे हिंदुस्तानीतून इंग्रजीत, शोधायला शेक्सपिअर (नाटककार नव्हे, 1817), फॅलन (1879) आणि प्लॅट्स (1884) यांचे कोश वापरा, शिकागोच्या डिजिटल साऊथ एशिया लायब्ररीवर तिन्ही फुकट सर्च करता येतात, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे. व्युत्पत्तीसाठी प्लॅट्स, पण बोलणं, म्हणी, बायकांच्या तोंडची भाषा हवी असेल तर फॅलनला तोड नाही. मी तर संशयास्पद शब्द फॅलन आणि मोल्सवर्थ दोन्हींत बघतो, मराठीत जिवंत असलेला शब्द असला तर तिथे लगेच सापडतो.

आणि पोर्तुगीज थोडंफार येत असेल तर 1778 सालची रोमची दोन पुस्तकं नक्की मिळवा, एकाच धर्मसंस्थेच्या छापखान्यात छापलेली, एक हिंदुस्तानीचं व्याकरण आणि दुसरं चक्क मराठीचं, निजामशाही-आदिलशाही मुलखात चालणारी मराठी असं शीर्षकातच म्हटलेलं. दोन्ही शेजारी उघडून आधी सर्वनामांचे आणि मग क्रियापदांचे तक्ते जुळवत जा.