एनआरआय क्लायंटसाठी कोकणात घर बघायला जाताय? समुद्र सगळ्यात शेवटी बघा

न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला गुहागरात घर हवं असतं. का, तर आजोळ तिकडचं असतं, किंवा तसं काही नसतं पण लहानपणी मे महिन्यात एकदा दापोलीला गेलेला असतो आणि ते डोक्यातून जात नाही. मग फोन येतो, "तुम्ही एकदा जाऊन बघून या ना, जाण्यायेण्याचा खर्च आम्ही देतो." मी पुण्यात एजंटचं काम करतो, असे बरेच दौरे केलेत, त्यातले पहिले दोन-तीन म्हणजे निव्वळ सहली होत्या, मासे खाल्ले, फोटो काढले, आणि व्यवहार एकही झाला नाही. या लाइनमधली नवीन मुलं विचारत असतात म्हणून लिहितोय.

गाडी काढायच्या आधी क्लायंटला एकच प्रश्न विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्टवाला एनआरआय किंवा ओसीआय कार्डवाला (म्हणजे मूळचा भारतीय, पण पासपोर्ट परदेशी) असेल तर राहतं घर, फ्लॅट, बिनशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, फार्महाउस, मळा-बागायत मात्र विकत घेता येत नाही, फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा नियम आहे. वारसाने आली तर गोष्ट वेगळी. आणि इथेच गंमत होते, कारण क्लायंटच्या डोळ्यासमोर जे चित्र असतं ना, नारळ-सुपारीची वाडी, मधे कौलारू घर, मागच्या दारी विहीर, ते बऱ्याचदा कागदावर शेतजमिनीतच असतं. घर उभं आहे म्हणून जमीन बिनशेती होत नाही. "आमचे वडील शेतकरी होते, दाखला आहे" असं क्लायंट म्हणतो, तर तो दाखला राज्याच्या कूळकायद्यापुरता, फेमाला त्याचं काही नाही. "मग भावाच्या नावावर घेऊ, पैसे मी पाठवतो" हेसुद्धा हमखास येतं. तिथे आपण शहाणपणा करू नये, बेनामीचा प्रश्न येऊ शकतो आणि उद्या भावाभावांत वाजलं तर शिव्या आपल्याला, सरळ वकिलाकडे पाठवा.

हे झालं की सातबारा काढा, ऑनलाइन घरबसल्या मिळतो. मालकांची नावं मोजा. कोकणात एका गटावर पंधरा-वीस नावं असणं काही विशेष नाही, त्यातले चार वारलेले, वारस नोंद झालेली नाही, दोघे मुंबईला, एक दुबईत. विकणारा काका कितीही गोड बोलला तरी तो एकटा विकू शकतो तो त्याचा हिस्सा, आणि तो हिस्सा नेमका कुठल्या माडापासून कुठल्या माडापर्यंत हे वाटणी झाल्याशिवाय देवालाच माहीत. इतर हक्काचा रकाना नीट वाचा, तिथे कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कधी कधी दुसऱ्याची विहिरीवरची वहिवाट पण असते. भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन) दिसला तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. गावठाणातलं घर असेल तर सातबारा नसेल, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतील. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून एकट्यावर विसंबू नका, जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, काय असेल ते मागा.

कधी जायचं हा प्रश्न सगळे हवामानाच्या हिशोबाने विचारतात, मी भाऊबंदांच्या हिशोबाने जातो. गणपती आणि शिमगा. गाड्या फुल्ल, लॉजवर जागा नाही, सगळं मान्य, पण वर्षातून तेवढ्याच वेळा सगळे चाकरमानी एका घरात भेटतात. फक्त गणपती बसलेला असताना घर विकायचा विषय काढू नका. दर्शन घ्या, चहा प्या, ओळख करून घ्या, विषय नंतर फोनवर. सोळा जणांपैकी कोण गप्प बसलाय ते मात्र बघून या, सही त्याचीच अडते. याशिवाय एक चक्कर मे महिन्यात मारा, विहिरीला पाणी आहे का आणि ते मचूळ लागतंय का ते तेव्हाच कळतं (बादलीतलं पाणी पिऊन बघा, विचारू नका), आणि एक जुलैत, रस्ता राहतो का वाहून जातो ते बघायला.

प्रवासाचं थोडक्यात, दापोलीसाठी खेड स्टेशन, गुहागरसाठी चिपळूण, मालवण-वेंगुर्ल्याला कुडाळ. क्लायंट स्वतः येणार असेल तर सिंधुदुर्गच्या खालच्या टोकाला गोव्याचा मोपा विमानतळ बरा पडतो.

पोचल्यावर थेट किनाऱ्यावर जायचा मोह होतो. नको. पहिला दिवस तलाठी ऑफिस (कागदावर आता ग्राम महसूल अधिकारी, गावात अजून तलाठीच), ग्रामपंचायत आणि शेजारी. शेजाऱ्याकडे ओटीवर बसून अर्धा तास काढला की वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये (जुन्या कागदांच्या तपासणीत) नसलेलं सगळं कळतं, गडगा (दगडी कुंपण) कुणी सरकवला, पाखाडी (पायवाट) कुणाच्या मालकीची, गाडी दारापर्यंत नेऊ देतात का. मालवणकडे "तू खयचो?" असं विचारतील, सरळ खरं सांगा, एजंट आहे, अमेरिकेतल्या माणसासाठी आलोय. लपवलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं आणि भाव पण वाढतो. उत्तर रत्नागिरी किंवा श्रीवर्धनकडे असाल तर "निसर्गात काय गेलं?" हे विचारा, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने तिथल्या बागा झोपवल्या, त्या दिवशी या घराचं छप्पर राहिलं की गेलं, हे इंजिनिअरपेक्षा शेजारीण जास्त नीट सांगते. मालवण-देवगडकडे हाच प्रश्न २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाचा.

मग सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे दाट वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि बाकी ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटर ना विकास क्षेत्र (म्हणजे नवीन घर बांधता येत नाही), खाडीकाठचे आकडे वेगळे. ही भरतीरेषा म्हणजे वाळूवर ओलं दिसतं ती नव्हे, ती मंजूर नकाशावर आखलेली असते, त्यामुळे गट नंबर त्या नकाशावर टाकून बघायचा. अधिकृत जुनं घर आहे तेवढ्याच जोत्यावर दुरुस्त करता येतं, पण क्लायंटच्या डोक्यात वर एक मजला आणि स्विमिंग पूल असतो, ते स्वप्न सौद्याआधीच मोडलेलं बरं.

आता दुसऱ्या दिवशी समुद्र. व्हिडिओ कॉलसाठी क्लायंटची वेळ बघावी लागते, आपल्याकडे संध्याकाळी सहाचं ऊन मस्त असतं तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ, चालतंय, पण कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच. शिवाय वाडीत रेंज नसते, त्यामुळे रेकॉर्ड करून लॉजवरून पाठवा. आणि भरती-ओहोटीची वेळ बघून दोन्ही शूट करा. ओहोटीला काढलेला व्हिडिओ म्हणजे काय प्रशस्त किनारा, मी एकदा तेवढाच पाठवला, क्लायंट पौर्णिमेच्या उधाणाला येऊन उभा राहिला आणि पाणी कुंपणाला लागलेलं. त्याने मला काही बोललं नाही, फक्त परत फोन केला नाही. घराच्या आतही तसंच, खिडक्यांचे गज, पंख्याची पाती, गिझरचं कनेक्शन जवळून घ्या, खारी हवा लोखंडाचं काय करते ते दिसू दे.

पैशाचं बोलणं गावात "थोडे वर रोख" यावर येतंच. एनआरआयचे पैसे बँकेतूनच येणार, एनआरई, एनआरओ वगैरे एनआरआयसाठीच्या खात्यांतून, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. विकणाऱ्यांपैकी दुबईवाला भाऊ असेल तर त्याच्या हिश्श्याचा टीडीएस वेगळ्या नियमाने कापतात, सीए गाठा. सहीला क्लायंट येणार नसेल तर मुखत्यारपत्र, तिकडे वकिलातीत किंवा अपॉस्टिल (तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण) करून, आणि कागद इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क. हे तीन महिने भलेभले विसरतात. आणि मुखत्यार तुम्ही स्वतः होऊ नका, कितीही विश्वास असला तरी, त्यांचा मामा-मावशी कुणीतरी असतंच की इथे.

तुमची फी, प्रवासखर्च, व्यवहार न झाल्यास काय, हे निघायच्या आधी मेलवर लिहून घ्या, विकणाऱ्याकडूनही घेणार असाल तर तेही सांगा. परत आल्यावर रिपोर्ट पाठवताना मी पहिल्या पानावर अडचणी लिहितो, नावं किती, सह्या किती मिळतील, पाणी, रस्ता, सीआरझेड. सूर्यास्ताचा व्हिडिओ त्या मेलमध्ये टाकतच नाही. पहिलं पान वाचून परत फोन आला तर पाठवतो.