नोकरी करत एन२ देताय? आधी घड्याळ लावा

गेल्या डिसेंबरात मी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन२ पातळी दिली. शब्द-व्याकरणात ४१, वाचनात १७, श्रवणात ४३, एकूण १०१. पास व्हायला १८० पैकी ९० लागतात. तरी मी नापास झाले, कारण तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९ हवेतच आणि वाचनात दोन कमी पडले. उतारे अवघड नव्हते. शेवटच्या दोन उताऱ्यांपर्यंत मी पोचलेच नाही, वेळ संपला. जपानमध्ये नोकरी सांभाळून जुलैची तयारी करणाऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितेय.

आधी फॉर्म. जुलैच्या परीक्षेचा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, डिसेंबरचा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मुदत गेली की सहा महिने गेले. मार्च-एप्रिल हा इथे घरं बदलण्याचाही काळ, आणि हॉल तिकीट टपालाने येतं. घर बदलणार असाल तर पोस्टात पत्ताबदलाची नोंद करा, वर्षभर टपाल नव्या घरी येतं. केंद्र आपल्याला निवडता येत नाही, ते हॉल तिकिटावरच कळतं.

शब्द आणि कांजी (चिनी लिपीतून आलेली जपानी अक्षरं) रोज, ट्रेनमध्ये. २०१० पासून अधिकृत शब्दयादी निघतच नाही, त्यामुळे 'खरी यादी' शोधण्यात आठवडे घालवू नका. व्याकरणाचं एकच पुस्तक घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत न्या.

आता मी जे केलं नाही ते. एन२ मध्ये शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून एकच पेपर असतो: १०५ मिनिटं, सुमारे ७५ प्रश्न. कुठल्या भागाला किती वेळ द्यायचा हे कुणी सांगत नाही. एन३ ला, म्हणजे एन२ च्या खालच्या पातळीला, शब्दांची ३० मिनिटं संपली की ती पुस्तिका काढून घेतात आणि व्याकरण-वाचनाला वेगळी ७० मिनिटं मिळतात. तिथून आलेल्या माझ्यासारखीला वाटतं, वेळ पुरतो. पुरत नाही. मी शब्दांवर अडून बसले, दोन पर्यायांत घोळत राहिले, आणि वाचनाला जेमतेम ४० मिनिटं उरली. निदान ६० ते ६५ हवीत. शब्द १५-१८ मिनिटांत, व्याकरण २० मध्ये. जे येत नाही ते येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एक गोळा काळा करा आणि पुढे चला.

हे वाचून जमत नाही. त्यासाठी सलग १०५ मिनिटं बसावं लागतं. मी रोज रात्री दोन-दोन उतारे सोडवत होते, सावकाश, चहा घेत, आणि तेवढ्याला वाचनाचा सराव समजत होते. तुम्ही परीक्षेआधी किमान तीन रविवार काढा. दुपारीच बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळ लावा आणि गोळे भरायची उत्तरपत्रिका छापून घ्या. प्रत्येक उत्तरानंतर लगेच गोळा भरा, शेवटी एकदम भरायला वेळ नसतो. अधिकृत सराव प्रश्नसंच २०१२ आणि २०१८ चे आहेत, संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते प्रश्न सुटे-सुटे सोडवून वाया घालवू नका. पूर्ण पेपर म्हणून, घड्याळ लावूनच सोडवा.

ऑफिसमध्ये दिवसभर जपानी वाचतो, हा भरवसाही सोडा. 'ओसेवा नी नात्ते ओरिमासु' या औपचारिक अभिवादनाने सुरू होणाऱ्या मेल ठरलेल्या साच्यातल्या असतात, आणि अडलं की आपण भाषांतर करून घेतो. परीक्षेत कुणाचं तरी मत मांडणारा लेख असतो आणि लेखकाला नेमकं काय म्हणायचंय ते विचारतात. रोज असा एक लेख वाचा, भाषांतराशिवाय. घड्याळ तिथेही लावा.

वाचनात शेवटी जाहिरात किंवा सूचनापत्रक असतं, त्यातून माहिती शोधायची असते. ते दोन प्रश्न तुलनेने सोपे आणि तेच माझे राहिले. वाचनाला लागलात की आधी ते करा. पेपर एकच असल्याने क्रम आपल्या हातात असतो.

श्रवण ५० मिनिटं, सगळं एकदाच ऐकवतात. काही प्रश्नांत पर्यायही छापलेले नसतात. सराव हेडफोनऐवजी स्पीकरवर करा, कारण हॉलमध्ये स्पीकरच असतो.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही नको. शनिवारी ओव्हरटाइम घेऊ नका, टीमला आधीच सांगून ठेवा. एचबी पेन्सिली, खोडरबर, हॉल तिकीट, साधं मनगटी घड्याळ. स्मार्टवॉच चालत नाही. फोन पूर्ण बंद. श्रवण सुरू झाल्यावर आत घेत नाहीत, त्यामुळे मधल्या सुट्टीत लांब जाऊ नका.

आणि पेपर सुरू झाला की पुस्तिकेच्या कोपऱ्यात वाचन कधी सुरू करायचं ती वेळ लिहून ठेवा. ती वेळ झाली की शब्द अर्धे राहिले असले तरी पान उलटा.