फ्रेजल व्हर्ब: पार्टिकलमुळे अर्थ बदलला का, हे कसं ओळखावं

'पुट' म्हणजे ठेवणे हे माहीत असूनही 'दे पुट ऑफ द मीटिंग' कळत नाही. मीटिंग पुढे ढकलली, हा अर्थ 'ऑफ'मुळे आला. क्रियापदाला जोडून येणाऱ्या अप, डाउन, ऑफ, आउट अशा शब्दांना पार्टिकल म्हणतात आणि या जोडीला फ्रेजल व्हर्ब. ते अर्थ दरवेळी बदलतातच असं नाही, म्हणून अडलेलं वाक्य या क्रमाने तपासा.

१. पार्टिकल झाकून वाक्य वाचा. 'सिट डाउन'मधलं 'डाउन' झाकलं तरी बसायचंच आहे. ते फक्त दिशा दाखवतं. पुढे जायची गरज नाही.

२. मूळ अर्थ टिकला, पण काही भर पडली का ते पाहा. 'ड्रिंक युवर मिल्क' म्हणजे दूध पी, 'ड्रिंक अप युवर मिल्क' म्हणजे पिऊन टाक. 'यूज अप' संपवून टाकणे, 'टेअर अप' फाडून टाकणे. आपलं 'टाकणे' जे करतं तेच इथे 'अप' करतं. पण हा नियम समजू नका: 'स्पीक अप' म्हणजे मोठ्याने बोल.

३. झाकल्यावर अर्थच बदलला, तर जोडी एक शब्द म्हणून शिका. 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे, 'गिव्ह अवे' म्हणजे फुकट देऊन टाकणे किंवा गुपित फोडणे. एकाच जोडीचे दोन अर्थ असले तर कर्म शोधा. 'द प्लेन टुक ऑफ'मध्ये कर्म नाही, विमान उडालं. 'ही टुक ऑफ हिज शूज'मध्ये आहे, त्याने बूट काढले. याउलट, फॉर्म 'फिल इन' करा की 'फिल आउट', काम एकच.

४. मग शब्दांची जागा. 'ही रॅन अप अ बिल' (बिल वाढवून ठेवलं) हे 'ही रॅन अ बिल अप' असंही चालतं. 'ही रॅन अप अ हिल' (टेकडी पळत चढला) मात्र तसं फिरवता येत नाही, कारण इथे 'अप' हे साधं शब्दयोगी अव्यय आहे. सर्वनाम आलं तर सूट नाही: 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर हिम'मध्ये मात्र 'हिम' शेवटीच, कारण ही जोडी तोडता येत नाही.

आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'कोप अप विथ' प्रमाण इंग्रजीत चूक धरतात. 'कोप विथ' पुरतं. बहुधा 'कीप अप विथ'च्या संगतीने ते 'अप' चिकटलं असावं. 'आय पास्ड आउट इन 2019' हेही परदेशी पाठवायच्या बायोडेटात नको. भारतात त्याचा अर्थ पदवी घेतली. ब्रिटन-अमेरिकेत, लष्करी प्रशिक्षणाचा संदर्भ सोडला तर, शुद्ध हरपली. तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहा.