कोकणातून केंब्रिजच्या उन्हाळी वर्गाला येणाऱ्यांसाठी

सगळ्यात आधी हे वाचा: विमानाच्या आदल्या रात्री रत्नागिरीहून निघू नका. केंब्रिजचे प्रौढांसाठीचे वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये असतात, म्हणजे आपल्याकडे भर पावसाळ्यात. कोकण रेल्वेच्या गाड्या तेव्हा मुळातच हळू चालतात आणि दरड आली की उभ्याच राहतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. 14 जुलै 2024 ला खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मार्ग बंद राहिला. गुहागरच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच वाटेत अडकल्या. विमान गेलं, नवीन तिकीट काढावं लागलं, वर्गाचे पहिले दिवसही बुडाले. बहिणीकडे उतरा, लॉज घ्या, काहीही करा, पण मुंबईला दोन दिवस आधी पोहोचा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. अशा छोट्या वर्गाला साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. बोटांचे ठसे द्यायला जायचं ते आंब्याच्या गडबडीतही वेळ काढून उरकून घ्या.

आता वर्गाबद्दल. आपली माणसं इथं येऊन गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. ‘या वयात आता कशाला पुढे पुढे करा’ म्हणून मागची खुर्ची धरतात. इथं शिक्षक प्रश्न विचारून खरोखरच उत्तराची वाट बघतात. त्यांचं म्हणणं खोडून काढलंत तरी तो अपमान समजत नाहीत, उलट खूश होतात. वेंगुर्ल्याचे एक गृहस्थ युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या वर्गाला बसले होते. सगळे दिवस नुसती मान डोलावली. शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी आपल्या गावातल्या पडक्या डच वखारीबद्दल सांगितलं. बाईंनी कप तिथंच ठेवला, वही काढली आणि विचारलं, “हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?” इंग्रजी अडखळलं तरी चालतं. पण वाचायला दिलेली यादी न वाचता येऊ नका, ते लगेच कळतं.

सेंट जॉन्स कॉलेज जरूर बघा. दापोलीजवळच्या मुर्डीचे र. पुं. परांजपे तिथं शिकले आणि 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. कॉलेजच्या आतल्या चौकात उभं राहिलं की आपण परक्या ठिकाणी आलोय असं वाटत नाही. हिरवळीवर मात्र पाय ठेवू नका. बहुतेक कॉलेजांत तो मान फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या वरिष्ठ अध्यापक मंडळींचा.

इथली मराठी मंडळी प्रेमानं जेवायला बोलावतील. एखाद्या वेळी जा, रोज नको. तिथं घरांचे भाव आणि मुलांच्या शाळा हेच विषय निघतात. वर्गातल्या लोकांशी खरी ओळख होते ती संध्याकाळी, जेवणाच्या लांबलचक टेबलावर. इंग्रज माणूस आपणहून घरचं काही विचारणार नाही, तो तुटकपणा समजू नका. तुम्ही बोलायला लागलात की तोही मोकळा होतो.

खोलीत उदबत्ती लावू नका. धुराचा भोंगा वाजला की रात्री अख्खी इमारत अंगणात येते, आणि ती कुणाची खोली हे सगळ्यांना कळतं. खोलीत बहुधा किटली असते, शेगडी नसते. मेतकूट, सोलं, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणा. पेढे आणि दुधाचं इतर काही आणू नका, विमानतळावर काढून घेतात. आपल्या प्लगच्या पिना इथल्या भोकांत बसत नाहीत, अडॅप्टर मुंबईतच घ्या. स्वेटरही हवाच, जुलै असला तरी संध्याकाळी गारठा पडतो.

रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि वर आठवडाभर पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. पाहुण्यांना इथं हॉस्पिटलात दाखल झाल्यावर सहसा बिल भरावं लागतं, म्हणून प्रवासाचा विमा काढताना जुनी दुखणी लपवू नका.